मेश्राम काकांची गिनती

आज सकाळी पेपर उघडला आणि माझं डोकं फिरलं. खेळाचं अख्खं पान त्या एका माणसाला दिलेलं. हात वर, तोंड उघडं, मागे झेंडा. ‘शेर की शानदार वापसी’. पाठीचं ऑपरेशन झालं होतं, बराच काळ गोल्फ बंद होतं, आता परदेशातली कुठलीशी मोठी स्पर्धा जिंकला. जिंकला असेल. चांगलं खेळतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण खाली एक चौकट होती, आणि तिच्यात लिहिलं होतं की या वापसीची सुरुवात जबलपुरातल्या त्या यादगार चौसष्ट फटक्यांच्या राउंडने झाली. मी पेपर टेबलावर आपटला. नवरा घाबरून म्हणाला, “काय झालं?” मी म्हटलं, “पुन्हा चौसष्ट छापलंय मेल्यांनी.”

ते चौसष्ट खोटं आहे. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण ते पहिल्यांदा मीच छापलं.

आणि ते खोटं आहे हे ज्या एका माणसाने सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं, ते तुळशीराम मेश्राम आता नाहीत. गेल्या वर्षी लेक त्यांना नागपूरला घेऊन गेली आणि तिथेच ते गेले. आमच्या पेपरात दोन ओळीही आल्या नाहीत. खेळाडूची बॅग खांद्यावर घेऊन त्याच्यामागे चालणाऱ्याला गोल्फमध्ये कॅडी म्हणतात, आणि कॅडी मेला तर ती बातमी नसते. मी आता त्या नोकरीत नाही, त्यामुळे तिथे भांडायलाही जाता येत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

माझी त्यांची ओळख माझ्या मूर्खपणामुळे झाली. जबलपुरात राइट टाउनमधल्या एका हिंदी दैनिकात मी खेळाच्या पानावर होते. क्रिकेट कळायचं, हॉकी थोडी कळायची, गोल्फमधलं ओ की ठो कळत नव्हतं. एका स्पर्धेचे आकडे आले, ते मी क्रिकेटच्या हिशोबाने लावले. ज्याचा आकडा सगळ्यात मोठा, तो सगळ्यात वर. वर ठसठशीत मथळा दिला की हा सबसे आगे. दुसऱ्या दिवशी दुपारी एक उंच, उन्हाने रापलेले गृहस्थ पेपरची घडी हातात घेऊन माझ्या टेबलापुढे उभे राहिले. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, छातीवर दोन्ही बाजूंना खिसे.

“ये पन्ना किसने लगाया है?”

“मैंने.”

त्यांनी टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचली. “कानडे? मराठी का? मग मराठीतच सांगतो. ताई, हा जो तुमी पहिल्या नंबरवर बसवला ना, हा शेवटून पहिला आहे. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकते. त्या बिचाऱ्याच्या घरी पेढे वाटून राहिले असतील आता.”

सगळं डेस्क हसलं. ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि अर्धा तास मला गोल्फ शिकवून उठले. जाताना म्हणाले, “चूक झाली त्याचं काही नाही. उद्या दुरुस्ती छापा.” दुरुस्ती छापली नाही. संपादक म्हणाले, इतक्या बारीक गोष्टी कोण बघतं. मेश्राम काका बघत होते. दोन दिवसांनी पुन्हा आले.

तेव्हापासून दर मंगळवारी त्यांची फेरी ठरलेली. रिछाईच्या बाजूला त्यांचं घर होतं. वडील भंडाऱ्याकडून कामासाठी आले ते इथलेच झाले, भाऊ कारखान्यात लागला, हे मात्र शहराच्या कडेच्या एका क्लबात कॅडी झाले आणि चाळीस वर्षं तेच करत राहिले. क्लबाचं नाव मी लिहीत नाही. घरी मराठी, बाहेर हिंदी, पण आकडा आला की ते मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायचे. मोजण्याला ते कधी मोजणं म्हणाले नाहीत. गिनती. “गिनती म्हणजे गिनती, ताई. त्यात साहेब अन् चपराशी नसते.”

ते दोन खिसे त्या गिनतीसाठीच होते. कमानिया गेटजवळच्या एका शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलेले. डाव्या खिशात चिंचोके. साहेबाने एक फटका मारला की एक चिंचोका उजव्या खिशात जायचा. चार-साडेचार तास मैदानात चालायचं, साहेबांच्या गप्पा, फोन, कुणाचा चेंडू तळ्यात, कुणाचा झुडपात. एवढ्यात आकडा डोक्यात राहत नाही असं त्यांचं म्हणणं, आणि साहेबांच्या डोक्यात तर तो मुद्दाम राहत नाही. क्लबातले एक नामांकित डॉक्टर सहा फटके मारून पाच सांगायचे. कॅडीने तोंड उघडायचं नसतं, अशी रीत. मेश्राम काका तोंड उघडत नसत. ते फक्त उजवा खिसा हाताने हलवायचे. आतले चिंचोके वाजले की डॉक्टरसाहेब चिडून म्हणायचे, “अच्छा अच्छा, छह लिखो.”

त्यामुळे गंमत अशी की एरवी त्यांना कुणी मागून घ्यायचं नाही. पण दोन साहेबांची आपसात पैज लागली की दोघंही म्हणायचे, मेश्रामला बोलवा. खरं कुणालाच नको होतं, पण समोरच्याने खोटं बोलू नये एवढं प्रत्येकाला वाटत होतं. हे त्यांनीच मला सांगितलं, तेही हसून नाही, रागाने. त्यांचा राग गरम नव्हता. इस्त्री केलेला होता, त्यांच्या शर्टासारखा.

पेपरातल्या गोल्फच्या बातम्या ते पेन्सिलने खुणा करून आणायचे. सगळ्यात जास्त राग ‘वापसी’ या शब्दावर. आमच्या धंद्यात हा शब्द मिठासारखा वापरतात. हा स्टार जेव्हा पाठीच्या ऑपरेशननंतर पुन्हा खेळणार अशी पहिली बातमी आली, तेव्हा मी दोन इंची मथळा दिला होता. मंगळवारी काका आले.

“वापसी? कुठून वापसी? गेला कुठं होता?”

“काका, ऑपरेशन झालं होतं ना त्याचं.”

“मग घरीच होता ना! माझ्या भावाचं हर्नियाचं झालं. दोन महिने घरी होता, तिसऱ्या महिन्यात कारखान्यात गेला. त्याची वापसी कोणत्या पेपरनं छापली? तुमी लिहा, फलाणा कामावर हजर झाला. तेवढंच झालं आहे.”

“असं लिहिलं तर कोण वाचेल?”

“वाचू नका देऊ. पण खोटं काहून वाचायला देऊन राहिले लोकांना?”

मी त्यांना टाळायलाही लागले होते, हे कबूल करायला हवं. मंगळवार आला की मुद्दाम कॅन्टीनमध्ये जाऊन बसायचे. ते टेबलावर पेन्सिलच्या खुणांचा पेपर ठेवून जायचे. त्यातली एकही खूण चुकीची नसायची.

त्यांच्या आयुष्यात एकच चैन होती, आणि ती सोमवारी यायची. सोमवारी क्लब साहेबांसाठी बंद असतो, त्या दिवशी सकाळी कॅडींना मैदानावर खेळू देतात. साहेबांनी टाकून दिलेल्या जुन्या काठ्या, झुडपातून शोधलेले चेंडू. काका दर सोमवारी खेळायचे, बायको वारली त्याच्या पुढचा सोमवार सोडून. मी एकदा बघायला गेले होते. सहा दिवस बॅग वाहून एका बाजूला झुकलेला तो माणूस चेंडूसमोर उभा राहिला की सरळ व्हायचा. त्यांचा चेंडू उंच जायचा नाही, लांबही जायचा नाही, पण जिकडे बघत तिकडेच जायचा. त्या दिवशी त्यांनी मला एकदाही गोल्फ शिकवलं नाही. माझ्याकडे लक्षच नव्हतं त्यांचं. मैदानात येण्यासाठी कॅडीकडे क्लबाचा पितळी बिल्ला असावा लागतो. बिल्ला नाही तर काम नाही, आणि बिल्ला नाही तर सोमवारही नाही.

मग तो स्टार जबलपुरात आला. मोठ्या स्पर्धेआधी सराव म्हणून, पण नुसता सराव कसला, मंडप, कॅमेरे, पाहुणे, जाहिरातींचे फलक. क्लबाचा जुना विक्रम पासष्टचा, तो मोडला तर वापसीची बातमी देशभर जाईल अशी सगळ्यांची इच्छा, आणि ती इच्छा लपवायचीही कुणाला गरज वाटत नव्हती. त्याच्यासाठी क्लबातला सगळ्यात जाणता कॅडी म्हणून मेश्राम काकांना दिलं. त्यांनी नवा शर्ट शिवला होता. मला म्हणाले, “पोरगा खेळतो बढिया, ताई. वापसीगिपसी सोडा. हात पाहा त्याचे.” त्यांच्या तोंडून कुणाचं कौतुक मी तेवढंच ऐकलं.

चौदाव्या खड्ड्याकडे जाताना त्याचा चेंडू उजवीकडे पळसाखाली गेला. आम्ही पेपरवाले आणि कॅमेरे दोरीच्या पलीकडे, लांब. झाडाखाली फक्त तो आणि काका. चेंडू मुळाला टेकलेला होता. काकांनी नंतर मला जे सांगितलं ते असं, की त्याने काठी मागे ठेवल्यासारखं केलं आणि टोकाने चेंडू वीतभर पुढे, मोकळ्या जागी ढकलला. मग काकांकडे बघून हसला. आणि मारला. फटका अप्रतिम होता, तेही काकांनीच सांगितलं. त्यांनी डाव्या खिशातून दोन चिंचोके काढले, एक फटक्याचा, एक हललेल्या चेंडूबद्दल दंड म्हणून वाढवायच्या फटक्याचा, आणि उजव्या खिशात टाकले. वाट बघत राहिले की आता हा स्वतः सांगेल. गोल्फमध्ये पंच मागे मागे फिरत नाही, आपला दंड आपण सांगायचा असतो. उरलेले चार खड्डेही खेळून झाले. तो काही बोलला नाही.

मंडपात क्लबाच्या सेक्रेटरीने माइक घेतला आणि ओरडला, “चौंसठ! नया रेकॉर्ड!” टाळ्या. त्या टाळ्यांमध्येच काका पुढे झाले. माइकची त्यांना गरज नव्हती.

“साहब, पैंसठ.”

टाळ्या थांबल्या. सेक्रेटरी म्हणाला, “क्या?”

“पैंसठ है साहब. चौदह नंबर पे गेंद हिली थी. इनको मालूम है.”

सगळ्यांनी स्टारकडे पाहिलं. तो एक क्षण काकांकडे बघत राहिला, मग खांद्यावर हात टाकून हसला. “अंकल थक गए हैं. धूप बहुत थी.” आणि सगळा मंडप हसला. डॉक्टर हसले. पाहुणे हसले. मी चार हातांवर उभी होते, माझ्या वहीत ‘65?’ असं लिहिलेलं होतं, आणि सगळ्यांबरोबर माझाही चेहरा हसरा झाला. हे आठवलं की आजही मला माझ्याच मुस्काटात मारावीशी वाटते.

छापलं काय? चौसष्ट. स्कोअरच्या कार्डावर चौसष्ट होतं, सही होती, संपादकांना चौसष्ट हवं होतं. मथळा माझाच होता. वापसी हा शब्दही त्यात होता.

दुसऱ्या दिवशी मंगळवार नव्हता, तरी काका आले. पेपरवर एकही खूण नव्हती.

“ताई, तुमी होत्या ना तिथं?”

“होते काका.”

“ऐकलं ना?”

“ऐकलं. पण कार्डावर...”

“कार्ड त्यानं लिहिलं. मी काय म्हटलं ते लिहाच नका, चलो ठीक. पण एका कॅडीनं पैंसठ म्हटलं, एवढं तर झालं होतं ना? झालेलं तर लिहायचं!”

ते बसलेही नाहीत. त्याच आठवड्यात क्लबाने त्यांचा बिल्ला काढून घेतला. पाहुण्याचा अपमान केला म्हणून. चाळीस वर्षांत ते एकाही साहेबाला उलटून शब्द बोलले नव्हते. एक आकडा बोलले, तर त्यांना गेटाबाहेर काढलं.

कामाचं दुःख त्यांना फारसं नव्हतं, गुडघे गेलेच होते. पण सोमवारी सकाळी ते क्लबाच्या कुंपणाबाहेरच्या रस्त्याने चालायला जाऊ लागले. आत त्यांचे सोबती खेळायचे, हे बाहेरून जाळीतून बघायचे. त्यांची नागपूरची मुलगी फोनवर रडायची. मी त्यांच्या घरी गेले तर म्हणाले, “जाळीतून पण दिसते चांगलं.” मला वाटलं तिथल्या तिथे जाऊन त्या सेक्रेटरीच्या अंगावर शाई फेकावी. फेकली नाही. मी काहीच केलं नाही, तक्रार हीच आहे.

इतर कॅडींनी रदबदली केली तेव्हा सेक्रेटरीने मोठ्या मनाचा आव आणला. एक ओळ लिहून दे, म्हणाला. ‘मुझसे गिनने में भूल हुई.’ बस. बिल्ला परत, सोमवार परत. हा निरोप मीच काकांना सांगितला, आणि वर म्हटलं, “लिहून टाका ना काका. एक ओळ तर आहे. सगळ्यांना ठाऊक आहे खरं काय ते.”

“सगळ्यांना ठाऊक आहे तर लिहिलं कोणी?”

मग काका स्वतःच म्हणाले, “ते नियमाचं पुस्तक मिळते का तुमच्या कॉम्प्युटरवर? मले इंग्रजी नाही जमत. तुमी वाचून सांगा. हललेल्या बॉलचं काय लिहिलं आहे ते.”

मी ऑफिसात छापून घेतलं आणि पुढच्या मंगळवारी त्यांच्यापुढे वाक्य वाक्य मराठीत करत गेले. थांबलेला चेंडू खेळाडूकडून हलला तर एक दंड, आणि चेंडू मूळ जागी परत ठेवायचा. न ठेवता तसाच मारला तर काय, तेही पुढे होतं, तेही वाचलं. मी यांत्रिकपणे वाचत होते, त्यांनी मात्र मला एक वाक्य तीनदा वाचायला लावलं. मग त्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं बरं वाटत नाहीये.

“काय झालं काका?”

“काही नाही.” कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. “चाळीस वर्षं करून राहिलो हे काम. चलो.”

दोन दिवसांनी फोन आला. “ताई, स्कूटर घेऊन या. क्लबात जायचं आहे. चिठ्ठी लिहिली मी. भूल झाली म्हणून लिहिलं.”

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर तो त्यांचा आला. मीच त्यांना लिहा म्हटलं होतं, आणि त्यांनी लिहिलं तर माझा तोल गेला. एवढ्या सगळ्यांमध्ये एक माणूस ताठ होता, तोही वाकला. ते स्कूटरवर मागे बसून होते, इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून चापून बसवलेले. मध्येच म्हणाले, “हळू चालवा, घाई नाही.” मी मुद्दाम जोरात चालवली.

क्लबाच्या ऑफिसच्या खिडकीत बाबू बसला होता. काकांनी दोन प्रती पुढे केल्या. बाबूने वरची ओळ मोठ्याने वाचली, “मुझसे गिनने में भूल हुई,” आणि दात काढून म्हणाला, “देर आए मेश्राम जी.”

“दुसऱ्या कॉपीवर शिक्का द्या. पावती पाहिजे,” काका म्हणाले. मग आठवल्यासारखं हिंदीत पुन्हा सांगितलं. बाबूने न वाचताच दोन्ही प्रतींवर ‘प्राप्त’चा शिक्का मारला, सही केली, तारीख टाकली, आणि एक प्रत घेऊन आत सेक्रेटरीकडे गेला.

काकांनी शिक्क्याची प्रत माझ्या हातात दिली. “ठेवा तुमच्याकडं. पेपरवाल्या आहात.” आणि गेटाकडे चालू लागले.

मी उन्हात उभी राहून वाचलं. वळणदार, शाळेत गिरवलेलं अक्षर, तळाशी पूर्ण नाव.

‘मुझसे गिनने में भूल हुई. मैंने एक दंड गिना. गेंद वापस अपनी जगह नहीं रखी गई थी, इसलिए नियम से दो होते हैं. सही स्कोर पैंसठ नहीं, छियासठ है. मेरी भूल के लिए क्षमा करें.’

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सेक्रेटरी कागद हातात घेऊन व्हरांड्यात धावत आला, चेहरा लालबुंद. “मेश्राम! ए मेश्राम! ये क्या लिख के दिया है तूने?”

मेश्राम काका गेटापर्यंत पोचले होते. ते थांबले नाहीत. मागे न वळता त्यांनी उजवा हात वर केला, दोन बोटं दाखवली, आणि रस्त्याला लागले.